सांथीचा कायदा आणि यात्रेकरूंचे हक्क

सांथीच्या दिवसांत शेगांवच्या यात्रेकरूनें संयम पाळावा, हें निर्विवाद आहे. सन २०२० च्या मार्चमध्यें श्रीगजानन महाराजांचें मंदिर बंद झालें. राज्यांतील देवस्थानें उघडण्यास १६ नोव्हेंबर उजाडला. तोंवर भाविकांनीं घरूनच हात जोडले.

परंतु कोरोनाविरुद्धचे पहिले निर्बंध ज्या कायद्यान्वयें आले, तो प्लेगच्या वेळचा, सन १८९७ चा आहे. प्रवाशास तपासावें, संशयितास अलग ठेवावें, अवज्ञेस शिक्षा व्हावी आणि सद्भावनेनें वागणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालूं नये, इतकेंच तो मुख्यतः सांगतो. वाटेंत अडकलेल्या यात्रेकरूस अन्न, औषध व खरी बातमी पुरविण्याचें कर्तव्य त्यानें कोणावरही टाकलेलें नाहीं. सन २०२० च्या दुरुस्तीनें वैद्यकीय सेवकांस संरक्षण मिळालें, तें योग्यच. यात्रेकरू मात्र उपेक्षितच राहिला. ज्याच्यावर आज्ञापालनाचें बंधन, त्यास आश्रयाचा हक्कही कायद्यानें दिलाच पाहिजे.