बोक्याला कुठलं इन्सुलिन?

घरातला बोका एकाएकी वाटीवाटीने पाणी प्यायला लागलाय, ट्रेमध्ये वाळूचे मोठाले गोळे दिसतायत, भरपूर खातोय आणि तरी वाळत चाललाय? उन्हाळ्यावर ढकलू नका. मांजरांनाही डायबेटिस होतो. वयस्क, लठ्ठ आणि नसबंदी झालेले बोके त्यात आघाडीवर! दवाखान्याच्या धसक्यानेही मांजराची शुगर चढते. म्हणून रक्तासोबत लघवी आणि फ्रुक्टोसामाइनही तपासून घेतलेलं बरं.

निदान पक्कं झालं की प्रश्न येतो इन्सुलिनचा. मांजरवाल्या मित्रमंडळींशी बोलताना मला हमखास ऐकू आलं, ‘फ्रिजमध्ये बाबांचं आहेच की. तेच दिलं तर?’

थांबा. अनेक घरांत असतं ते ३०/७० मिश्रण. त्यातल्या एनपीएच इन्सुलिनचा असर मांजराच्या शरीरात बारा तासांच्या बराच आधी ओसरतो. मग पुढच्या इंजेक्शनपर्यंत शुगर मोकाट!

बारा तासांचा फंडा

मांजराला बहुधा दिवसातून दोनदा इंजेक्शन लागतं. त्यामुळे बारा तास तग धरणारं इन्सुलिन हवं. ‘अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशन’ने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत मांजरांसाठी ग्लार्जिन आणि पीझेडआय यांना पहिली पसंती दिली.

ग्लार्जिन हे माणसांचंच औषध. बाटलीत ते आम्लधर्मी असतं. त्वचेखाली गेलं की त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि हळूहळू विरघळतात. म्हणूनच ते पातळ करायचं नाही, की दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही. पीझेडआयमध्ये हेच काम प्रोटामाइन आणि झिंक करतात. डुकराच्या इन्सुलिनपासून बनवलेलं लेंटे कुत्र्यांना छान चालतं, कारण दोघांचं इन्सुलिन अगदी सारखं असतं. मांजरात मात्र त्याचा असर लवकर संपू शकतो.

टोपीचा रंग बघा!

खरी गफलत होते ती इथे. आपल्याकडे ४० युनिटवाल्या बाटल्याही मिळतात आणि १०० युनिटवाल्याही. यू-४० सिरिंजची टोपी लाल, यू-१०० ची नारिंगी. १०० युनिटवालं ग्लार्जिन लाल टोपीच्या सिरिंजने दिलंत, तर एका रेघेला अडीच युनिट जातात. मांजराची सुरुवातच साधारण एका युनिटने होते, म्हणजे ही चूक जिवावर बेतू शकते. डोस व्हेटच ठरवणार. तुम्ही बाटली आणि सिरिंज जुळवायची.

हे पाठच करा

• खाणं बंद असेल तर नेहमीचा डोस देण्याआधी व्हेटला फोन करा.
• मांजर लडखडतंय, थरथरतंय, मलूल पडलंय? हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि दवाखाना गाठा.
• आहार बदलला की इन्सुलिनची गरजही बदलते. व्हेटला आधी विचारा.

लवकर उपचार, कमी कार्बोहायड्रेटचं खाणं आणि योग्य इन्सुलिन असा मेळ जमला, तर काही मांजरांचं इन्सुलिन काही महिन्यांत सुटतंसुद्धा. म्हणून पहिले काही महिने जिवापाड सांभाळायचे.

आणि हो, तुमचं टाइमटेबलही व्हेटला मोकळेपणाने सांगा. सकाळी आठ, रात्री आठ जमणार नसेल, तर सहा-सहा ठरवा. ऑफिसमधून निघायला उशीर होत असेल, तर शेजारच्या काकूंना इंजेक्शन शिकवून ठेवा. बाटली कितीही भारी असली, तरी घड्याळ पाळायला घरात कुणीतरी हवंच!