लग्नघरातील डीजे : सौदा आणि संयम

परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या बाजारपेठेच्या गावी लग्न हे केवळ एका घराचे कार्य नसते. व्यापारी बांधव, खेड्यापाड्यांतील शेतकरी ग्राहक, दूरचे आप्त असे सारेच आशीर्वाद द्यायला येतात आणि त्यांच्या आदरातिथ्यात घराची पत असते. म्हणूनच आचारी आणि मंडपवाला यांची निवड पुष्कळ चौकशीनंतर होते. डीजेची सुपारी मात्र अनेकदा एका फोनवर दिली जाते आणि कार्याचा विरस नेमका तेथेच होतो.

तक्रारी सर्वत्र सारख्याच असतात. लग्नसराईत एकाच तिथीला दोन ठिकाणचा विसार घेतला जातो, वाजंत्री दोन तास उशिरा पोहोचते, वरात दारात असताना जादा रक्कम मागितली जाते. वडीलधाऱ्यांसमोर अश्लील गाणी लागतात आणि माईकवरून पाहुण्यांची थट्टा होते. जैन घरात उशिराची किंमत अधिक मोजावी लागते. वरात लांबली की भोजन सूर्यास्तापलीकडे जाते आणि चौविहार पाळणारे ज्येष्ठ भरल्या मंडपातून उपाशी परततात.

आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सातव्या अध्यायात अनर्थदंडविरमण व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील पहिले तीन कंदर्प, कौत्कुच्य आणि मौखर्य, म्हणजे कामुक थट्टा, अंगविक्षेपासह असभ्य चेष्टा आणि निरर्थक बडबड. आजच्या अनेक स्वागत समारंभांचे वर्णन करायला हे तीन शब्द पुरेसे आहेत. हा दोष केवळ वाजवणाऱ्याचा नव्हे. त्याला पैसे देऊन बोलावणाऱ्याचाही आहे.

कायद्याची मर्यादाही स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते. बंदिस्त सभागृहाचा अपवाद सोडल्यास रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सर्वसाधारणपणे तो वाजवता येत नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवतीचे किमान १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरू शकते. शेजारच्या घरात आजारी वृद्ध, तान्हे मूल किंवा परीक्षेचा विद्यार्थी असतो, हे लक्षात घेतले तर नियमाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

गाण्यांच्या 'परवान्या'च्या नावाखाली कोणी वेगळी रक्कम मागितल्यास सावध राहावे. प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये वरात व विवाहाशी निगडित समारंभांना सवलत आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचनेद्वारे ते पुन्हा स्पष्ट केले.

व्यापारी घराला लेखी व्यवहाराचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. मालाच्या सौद्याला जी शिस्त, तीच येथे हवी. येण्याची व थांबण्याची वेळ, एकूण रक्कम, विसाराची पावती, प्रत्यक्ष वाजवणाऱ्याचे नाव, वगळायची गाणी, मद्यपानास मनाई, वीज गेल्यास जनरेटर कोणाचा आणि न आल्यास परतावा किती, हे सारे एका कागदावर मांडून दोघांनी सही करावी. उरलेली रक्कम कार्य संपल्यावर द्यावी. शब्द मोडला गेल्यास हाच कागद, पावती आणि संदेश पुरावा ठरतात. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

मात्र कागदालाही एक मर्यादा आहे. डीजेने आवाज कमी केला की घरचीच तरुण मंडळी तो वाढवायला लावतात. नोटा उधळून हवे ते गाणे मागतात. मग कराराला अर्थ उरत नाही. म्हणून घरातील एका जबाबदार व्यक्तीकडे हे काम सोपवावे आणि डीजेने केवळ तिचेच ऐकावे, असे आधीच ठरवावे. ज्या कारागिराला यजमान स्पष्ट सूचना, वेळेवर पैसे आणि मानाचे जेवण देतो, त्याच्याकडून सभ्यतेची अपेक्षा करण्याचा अधिकारही त्याच यजमानाला राहतो.