उद्योजकानें आज्ञालेखन शिकावें काय ?

शाळा सोडून गेलेले कांहीं तरुण हल्लीं नोकरीच्या मागें न लागतां स्वतःचा उद्योग काढण्याचा विचार करितात. बहुतेक उद्योगांना आतां ॲपची किंवा संकेतस्थळाची जोड लागते. ज्यानें कला अथवा वाणिज्य शाखेचें शिक्षण घेतलें आहे, त्याच्यापुढें मग असा प्रश्न उभा राहतो कीं, हें काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्यावें, कीं संगणकास आज्ञा लिहून देण्याची विद्या, जिला कोडिंग म्हणतात, ती स्वतः थोडी तरी शिकावी ? या प्रश्नाचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

संगणक आज्ञाधारक खरा, परंतु त्यास तारतम्य नाहीं. समजा, एका गृहस्थास घरगुती जेवणाचे डबे पोंचविण्याचा उद्योग करावयाचा आहे. गिऱ्हाइकानें मागणी नोंदविली म्हणजे डबा पाठवावा, एवढें सांगितलें तर नोकरास पुरतें. संगणकास पुरत नाहीं. मागणी किती वाजेपर्यंत घ्यावयाची ? आयत्या वेळीं डबा नको म्हटलें, तर पैसे परत द्यावयाचे कीं नाहीं ? कोणी चुकून दोनदां पैसे भरले, तर काय करावयाचें ? 'जर अमुक असेल तर असें करावें, नाहीं तर तसें करावें,' अशा रीतीनें प्रत्येक प्रसंगाची वाट आधींच आंखून द्यावी लागते. असें लिहावयास बसलें म्हणजे कळून येतें कीं, यांतील कित्येक गोष्टी आपण ठरविल्याच नव्हत्या. त्या ठरविणें हें धन्याचें काम आहे. कारागिरानें त्या आपल्या तर्कानें ठरविल्या, तर पैसा खर्च होऊन शेवटीं दोघांत तंटा मात्र उरतो. म्हणून विचार नेमका करण्याची संवय, हा या विद्येचा पहिला लाभ आम्ही मानतों.

दुसरा लाभ असा कीं, आपली कल्पना थोड्या खर्चांत लोकांपुढें मांडतां येते. अमेरिकेंतील केव्हिन सिस्ट्रॉम यांस संगणकशास्त्राची पदवी नव्हती. दिवसा नोकरी करून ते रात्रीं आज्ञालेखन शिकत. त्या अभ्यासांतून त्यांनीं 'बर्बन' नांवाचें ॲप तयार केलें. आपण कोठें आहों हें मित्रांस कळविणें, छायाचित्रें दाखविणें, अशा अनेक सोयी त्यांत होत्या. तें ओबडधोबडच होतें, परंतु इ. स. २०१० मध्यें त्याच्या जोरावर त्यांस पांच लाख डॉलर भांडवल मिळालें. पुढें माइक क्रीगर हे भागीदार झाले. लोकांचा ओढा छायाचित्रांकडे आहे असें पाहून दोघांनीं बाकीच्या बहुतेक सोयी काढून टाकल्या, आणि ६ ऑक्टोबर २०१० रोजीं 'इन्स्टाग्राम' लोकांपुढें आलें. पहिल्याच दिवशीं सुमारें २५,००० लोकांनीं नांवें नोंदविलीं. त्या भारानें त्यांचें एकुलतें यंत्र डळमळूं लागलें, तेव्हां तें सावरण्याच्या कामीं क्रीगर यांचें कौशल्य उपयोगी पडलें.

या विद्येवांचून उद्योग चालतच नाहीं असें मात्र नव्हे. इ. स. २००८ मध्यें निघालेल्या 'एअरबीएनबी'चे ब्रायन चेस्की व जो गेबिया हे दोन संस्थापक आरेखनकलेचे पदवीधर होते; आज्ञालेखनाची बाजू तिसरे संस्थापक नेथन ब्लेचार्झिक यांनीं संभाळली. असा विश्वासू भागीदार ज्यास लाभेल, त्यानें सर्व भार स्वतःच्या शिरावर घेण्याचें कारण नाहीं.

ज्यास शिकावयाचें आहे, त्यानें प्रथम पायथनसारखी एक सोपी भाषा निवडावी, आणि मोठ्या ग्रंथांत न गुंततां आपल्याच गरजेचें एखादें लहान काम हातीं घ्यावें. उदाहरणार्थ, दिवसाच्या मागण्यांची बेरीज. चूक झाली म्हणजे संगणक ती बहुधा ओळीच्या क्रमांकासह दाखवितो. तो मजकूर शांतपणें वाचावा. आतां साध्या भाषेंत सांगितलें असतां कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनेंही आज्ञा लिहून देतात. त्यांचें साहाय्य अवश्य घ्यावें, परंतु त्यांनीं लिहिलेलें नेहमींच बिनचूक असतें असें नाहीं. गिऱ्हाइकाचे पैसे बुडाले किंवा त्याची खासगी माहिती बाहेर फुटली, तर जाब उद्योजकासच द्यावा लागतो. पेढीचा धनी स्वतः खतावणी लिहीत नसला तरी त्यास ती वाचतां आली पाहिजे. आज्ञालेखनाचेंही तितकें ज्ञान आमच्या तरुणांनीं अवश्य संपादन करावें.