वय ५८, इयत्ता सातवी!

पुणे-नाशिक रस्त्याने खेडचा घाट चढून गेले की पेठ लागते. आंबेगाव तालुक्यातल्या या गावी माझे काका राहतात. जन्मभर प्राथमिक शिक्षक. ५८ वर्षे पुरी झाली आणि नियमाप्रमाणे निवृत्त झाले. गेल्या दिवाळीत मी गेलो, तेव्हा ओट्यावर बसले होते. वर्तमानपत्र केव्हाच वाचून झाले होते.

"काय काका, कसं काय चाललंय?"

"चालायचं काय, अरे! कुणी 'गुरुजी' म्हणून हाक मारली की वाटतं, दुसऱ्याच कुणाला बोलावतोय."

'मी कोण?' या प्रश्नाचे उत्तर तरुणपणी एकदा मिळाले की ते जन्मभर पुरते, अशी आपली समजूत असते. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाला ती मान्य नव्हती. १९०२ साली जर्मनीत जन्मलेल्या या माणसाला आपला जन्मदाता कोण हे कधीच कळले नाही. सावत्र वडिलांचे आडनाव लावून तो वाढला आणि १९३९ साली अमेरिकेचा नागरिक होताना 'एरिक्सन' हे नाव त्याने आपण होऊन घेतले. अशा माणसाने ओळखीचा प्रश्न आयुष्यभर धरून ठेवावा, यात नवल ते काय?

१९५० साली त्याने आयुष्याच्या आठ पायऱ्या मांडल्या. तान्ह्या मुलाला जगावर विश्वास टाकता येतो की नाही, ही पहिली. 'मी कोण?' ही पाचवी, कुमारवयातली. सहावीत दुसऱ्याशी जीव जोडायचा. सातवी प्रौढांची : मागून येणाऱ्यांसाठी मी काय घडवतो आहे? काहीच घडत नसेल तर माणूस आतल्या आत साचून राहतो. आणि आठवीत, झाल्या आयुष्याला खंत न बाळगता 'हे माझे' म्हणायचे. पायरी ओलांडली म्हणजे ती सुटली असे मात्र नाही. जुना प्रश्न नव्या वयात पुन्हा दाराशी येतो.

"म्हणजे आठवीपर्यंतची शाळाच की!" काका म्हणाले. "मग मी कितवीत?"

मला धोंडो केशव कर्वे आठवले. मुरूडचा हा मुलगा सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेला गेला आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठवला गेला. पुढे मुंबईत पदवी घेतली, १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागला. त्याच वर्षी पत्नी राधाबाई वारल्या. येथवर त्यांची ओळख कोणालाही सांगता आली असती : मुरूडचा कर्वे, प्रोफेसर. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला आणि ज्या मुरूडच्या भल्यासाठी त्यांनी पै-पैसा जमवला होता, त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पस्तिशीच्या माणसाला 'मी कुठला?' हे पुन्हा पहिल्यापासून ठरवावे लागले. १८९६ साली आश्रम निघाला, १९०० साली तो हिंगण्याच्या झोपडीत गेला. दिवसभर कॉलेज आणि संध्याकाळी हिंगण्याची पायपीट, असे त्यांचे दिवस होते.

महिला विद्यापीठ त्यांनी १९१६ साली काढले. वय वर्षे ५८! खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापले ते १९३६ साली, ७८व्या वर्षी. समता संघ १९४४ साली. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. १९६२ साली ते वारले. त्याच वर्षी एरिक्सन अहमदाबादेत आला होता आणि पुढे त्याने गांधीजींवर पुस्तक लिहिले. तिथून पुणे काही फार लांब नव्हते, असे उगाच मनात येते.

काकांनी बोटांवर हिशेब केला. वर्षे बरोबर भरली. "पण ते कर्वे होते रे," ते म्हणाले, आणि यावर मला चटकन उत्तर सुचले नाही.

उत्तर असलेच तर ते कर्व्यांच्या घरातच आहे. दुसऱ्या पत्नी मूळच्या गोदूबाई, कर्व्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण. लहानपणीच वैधव्य आले. मुंबईला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात, १८८९ साली, पहिल्या विद्यार्थिनींत त्या होत्या. लग्नानंतर नाव झाले आनंदीबाई, आणि आश्रमात सगळ्यांच्या 'बाया'. नवरा पैसा आश्रमाला देणार, विम्याची पॉलिसीसुद्धा त्याच्याच नावे करणार, आणि संसार चालवायचा यांनी! म्हातारपणी त्यांनी 'माझे पुराण' लिहिले; ते १९४४ साली निघाले. विधवा, विद्यार्थिनी, बहिष्कृत सून, संस्थेची आई अशा चार ओळखी पार करून आलेली बाई त्यात आडपडदा न ठेवता बोलते. एरिक्सनच्या पाचव्या पायरीवर आमच्या बायकांना उभे राहायला वेळच मिळत नसे. 'मी कोण?' विचारण्याआधीच नाव बदललेले असे.

काका गप्प होते. स्वयंपाकघरात कढईचा आवाज चालू होता, तो थांबला. काकू चकलीचा साचा हातात घेऊनच दारात आल्या. त्यांचे माहेरचे नाव काय, हे मला आजही माहीत नाही.

"त्यांचं राहू दे," काकांकडे मान वळवून त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला येशील तेव्हा त्या बायांचं पुस्तक तेवढं घेऊन ये."