तळव्याला नव्हे, ठशाला विचारा

नवी चप्पल घेताना आपण दुकानात चार पावले चालून पाहतो आणि ‘बरी वाटते’ म्हणून पैसे मोजतो. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना मंदावली आहे, त्यांच्या बाबतीत हीच कसोटी सर्वांत फसवी ठरते. वेदना हा पायाचा पहारेकरी. तोच निद्रिस्त असेल तर चवड्याच्या एकाच हाडाखाली रोज पडणारा दाब घट्टा, मग जखम आणि क्वचित पाय गमावण्यापर्यंत मजल गाठतो. रुग्ण मात्र ‘पाय छान आहेत’ असेच सांगत राहतो.

हे सत्य ठळक झाले ते कुष्ठरुग्णांच्या उपचारांतून. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, पायांचे व्रण बहुधा बधिर पायावरील दाबाने व इजेने होतात. पुढे अमेरिकेत कारव्हिल येथे त्यांनी रंगाच्या सूक्ष्म कुप्या असलेले मोजे रुग्णांना घालून चालविले. दाब अधिक तेथे कुप्या फुटून रंग उमटे. पायाला सांगता येत नव्हते ते मोजा सांगू लागला.

मापाचा इनसोल करताना प्लॅस्टरने किंवा फोममध्ये पाय दाबून ठसा घेतात. आता स्कॅनरही आले आहेत. वरचा थर मऊ, खालचा भक्कम असतो. नुसता मऊपणा उपयोगाचा नाही, कारण अतिमऊ फोम चेपून जातो आणि हाड पुन्हा कठीण तळाला टेकते. खरे कौशल्य भार वाटून देण्यात, पायाच्या कमानीलाही त्यातला वाटा उचलायला लावण्यात आहे. चवड्याखालची छोटी उशी त्या हाडांच्या किंचित मागे बसावी लागते. ती थोडी पुढे सरकली तरी स्वतःच नवा दाब निर्माण करते.

म्हणूनच मोजमाप हवे. शाईच्या रबरी चटईवरील ठसा अनवाणी पायाचा भार कोठे पडतो ते स्वस्तात दाखवितो. इनसोल तयार झाल्यावर बुटात पातळ संवेदक ठेवून चालतानाचा दाब मोजता येतो. ज्यांना तळव्याची जखम होऊन गेली आहे, त्यांच्या पादत्राणाने त्या जागेचा दाब किमान ३० टक्के उतरावा, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांची अपेक्षा आहे. ग्राहक समाधानी आहे म्हणून बँकेत लेखापरीक्षण कोणी टाळत नाही. येथेही आकडा मागण्यात संकोच कसला?

घरी पहिल्या दिवशी इनसोल तासभरच वापरावा, मग वेळ वाढवीत न्यावी. काढल्यावर आरशात तळवा पाहावा किंवा घरच्यांना दाखवावा. अर्ध्या तासात लाली ओसरली नाही, तर इनसोल दुरुस्तीस परत द्यावा. बुटातही त्याला पुरेशी जागा हवी, अन्यथा बोटे वर घासतात.

चामडे वर्ज्य असणाऱ्यांनी मागणी नोंदवितानाच तसे सांगावे. फोम व रबर निर्धोक, परंतु वरचे अस्तर कधी कधी चामड्याचे असते. आणि दर्शनाला मंदिराची फरशी तापण्यापूर्वी, सकाळीच जावे. बधिर तळवा भाजला तरी कळत नाही.