वाघोबाच्या हद्दीत

रविवारी नॅशनल पार्कात जाणाऱ्या मुंबईकराचा बेत ठरलेला असतो. सकाळी फेरफटका, पोरं बरोबर असली तर सफारी, पायांत दम असला तर कान्हेरीची शंभरावर लेणी आणि परतताना तिखट-मीठ लावलेली काकडी. बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत पसरलेल्या, सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या जंगलात माणसंही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. नवापाडा, तुमणीपाडा, रावणपाडा, चिंचपाडा हे त्यांचे पाडे; वारली, महादेव कोळी, मल्हार कोळी, कातकरी हे इथले आदिवासी.

जॉर्डनमधलं वादी रमचं वाळवंटही असंच संरक्षित, आणि तिथेही माणसांची वस्ती आहे. 2011 मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. तिथल्या बदाऊन टोळ्यांच्या संस्कृतीची दखल युनेस्कोने वेगळी घेतली आहे. पाहुणा तिथे बदाऊनांच्या तंबूत उतरतो, त्यांच्या जीपमधून हिंडतो, त्यांचा चहा पितो. पर्यटनाने त्यांचंही जगणं बदललंच. पण यजमान कोण, हे तिथे विचारावं लागत नाही. वादी रमला जाऊन आलेला बोरिवलीकर त्या तंबूचे फोटो हौसेने दाखवतो. घरापासून रिक्षाच्या अंतरावरचा पाडा मात्र त्याने पाहिलेला नसतो.

पाड्यावरचं घर आता बहुधा विटांचं आणि पत्र्याचं असतं. जुनं घर मात्र सगळं जंगलातूनच उभं राहायचं. कारवीच्या काठ्या उभ्या ओळीत बांधून कूड करायचा, त्यावर माती आणि शेणाचा लेप. लग्न निघालं की त्याच भिंतीवर गेरूचा हात फिरे आणि तांदळाच्या पिठाने सवाष्णी देवचौक लिहीत. मधोमध पालघाट देवी. आज चादरींवर आणि चहाच्या कपांवर जी वारली चित्रं विकली जातात, त्यांचं मूळ या लग्नाच्या भिंतीत आहे. कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते. 2016 मध्ये फुलली, मग 2024 मध्ये, आणि तेव्हा जांभळे उतार पाहायला शहरातून झुंबड उडाली. कुडाला लागणारी काठी ती हीच, हे त्या गर्दीत किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे.

बिबट्या सीसीटीव्हीत दिसला की सोसायटीच्या ग्रुपवर ‘पिंजरा लावा’ सुरू होतं. पाड्यावर तो वाघोबा. त्याचं ठाणं म्हणजे बहुतेकदा झाडाखालचा शेंदूर फासलेला दगड नाहीतर लाकडी फळी. फळीवर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. दिवाळीच्या तोंडावर शहर वसुबारस करतं तेव्हा इथे वाघबारस असते. कोंबडं, नारळ देऊन माणसं आणि गुरं राखायला सांगायचं. हे सगळं भाबडं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. अंधार पडल्यावर पोरांना एकटं न धाडणं, कोंबड्या नीट कोंडणं ही शिस्त त्याच श्रद्धेच्या बरोबरीने चालत आली आहे. तरीही हल्ले होतात. 2004 मध्ये तर कहर झाला. बाहेर पकडलेले बिबटे आणून इथे सोडल्याने ते बिथरले, असं अभ्यासकांनी तेव्हा दाखवून दिलं. 2022 च्या दिवाळीत उद्यानालगतच्या आरेमध्ये एका तान्ह्या मुलीचा जीव गेला. वाघोबा मानणाऱ्यांनाही दुःख चुकत नाही.

याच आरेत दुग्धवसाहत 1949 मध्ये आली. पाडे त्याआधीचे, आज सत्तावीस म्हणतात. 2019 च्या ऑक्टोबरात मेट्रो कारशेडसाठी रातोरात झाडं पडली, तेव्हा शहराला या पाड्यांची नावं पहिल्यांदा ऐकू आली. पुढच्याच वर्षी सुमारे 800 एकर राखीव जंगल म्हणून जाहीर झालं. पण जंगल राखलं म्हणजे जंगलातला माणूस राखला, असं आपोआप होत नाही. 1997 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातल्या हजारो झोपड्या हटल्या, आणि तेव्हापासून अतिक्रमण कुठलं आणि मूळचा पाडा कुठला, हा वाद आदिवासींच्या मागे लागला आहे. 2006 चा वनहक्क कायदा आहे; त्याखाली दावा करायचा तर कागद जमवता जमवता पिढी जाते. उद्यानातल्या विहार तलावाचं पाणी 1860 पासून मुंबईला मिळतं. याच जंगलातल्या काही पाड्यांना मात्र नळासाठी आणि विजेसाठी वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले. याला विकासाचा क्रम म्हणतात की काय, ते ज्याने-त्याने ठरवावं.

जायचं असेल तर बोरिवली पूर्वेचं प्रवेशद्वार सोपं. सोमवारी उद्यान बंद असतं. पाड्यावर ओळखीच्या माणसाबरोबर जावं, दिवसाउजेडी परतावं आणि विचारल्याशिवाय कुणाच्या दारात मोबाइल रोखू नये. पावसाळ्यात बोरिवली-गोरेगावच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कुर्डू, कंटोळी घेऊन बसतात. शेवळं घेतलीत तर खाज घालवायला काकडंही मागून घ्या; भाव करत बसू नका.