तोड, कुस्तीतील

तोड, कुस्तीतील : प्रतिस्पर्ध्याने टाकलेला डाव निष्फळ करणारी व शक्य तेव्हा तो त्याच्यावरच उलटविणारी मल्लाची हालचाल. बचाव आणि प्रतिडाव असे तिचे दोन भाग पडतात. मात्र जाणत्या मल्लाच्या हातून ते इतके सलग घडतात, की प्रेक्षकाला एकच झेप दिसते. [⟶ कुस्ती].

तोडीचे मर्म तोलात आहे. डाव टाकणारा मल्ल क्षणभर स्वतःचा तोल पणाला लावतो आणि तोड त्याच क्षणी बसावी लागते. उदा., एकेरी पट काढण्यासाठी तो खाली झुकला, की पाय मागे फेकून छातीचा भार त्याच्या खांद्यांवर टाकतात. तो दबला, की बाजूने फिरून पाठीवर कब्जा घेतात. ढाक लावणाऱ्यास पाठ वळवावी लागते. त्याचे वळण पुरे होण्यापूर्वी आपली कंबर खाली बसवून त्याला मागून मिठी घातल्यास तोच उचलला जातो. झोळीत मान व गुडघा एकत्र आवळले जातात. म्हणून हात एकमेकांत गुंतण्याआधीच पाय ताठ व डोके वर करणे भाग असते. हात गुंतल्यावर नुसते बळ फारसे उपयोगी पडत नाही.

तोड तयार होते ती तालमीतील सरावाच्या लढतींत. वस्ताद जोडीदाराला एकच डाव पुन्हा पुन्हा टाकावयास लावतो. प्रथम संथ, मग पुरत्या वेगाने व अखेर न सांगता. नवा डाव हलक्या जोडीदाराशी आणि तोड वजनदाराशी घोटविणे हितावह असते. खडाखडीत नवशिक्याची नजर हातांवर खिळते. वास्तविक प्रतिस्पर्ध्याचा भार कोणत्या पायावर आहे, हे ओळखणे अधिक मोलाचे. जोडीदाराने थाप देताच पकड सोडण्याची शिस्त नसल्यास मानेची दुखापत जन्माची ठरू शकते.

सोलापूर जिल्ह्याची कुस्तिपरंपरा मोठी आहे. बोरामणी येथील इस्माईल (१९८०), आप्पालाल (१९९२) व मुन्नालाल (२००२) या शेख बंधूंनी ‘महाराष्ट्र केसरी’ किताब मिळविला. पारंपरिक निकाली कुस्ती चीतपट होईपर्यंत चालते, त्यामुळे तोडीसाठी दबा धरून राहता येते. गुणांच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोनच डाव असतात, निष्क्रिय मल्लास ताकीद मिळते आणि अर्धवट तोडही गुण गमावते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात याच जिल्ह्यातील महेंद्र गायकवाड व सिकंदर शेख यांच्यात माती विभागाची लढत झाली. तीत गायकवाड यांना बाहेरच्या टांगेबद्दल चार गुण देण्यात आले. शेख यांची पाठ खरोखर धोक्यात आली होती काय, यावरून मोठा वाद झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगाव (जि. पुणे) येथे शेख यांनी शिवराज राक्षे यांना झोळी डावावर चीत करून किताब जिंकला.